निम्मी लेकरं रेघेच्या वर असतात

चार महिने मी मला नसलेल्या आजाराच्या गोळ्या खाल्ल्या, आणि त्या अगदी नेमानं खाल्ल्या. लघवी केशरी व्हायची, तोंड कडू पडायचं, तरी एक दिवस चुकवला नाही. मी अंगणवाडी सेविका. टीबीच्या पेशंटच्या घरी आशाताईसोबत जाऊन "मधातच गोळ्या सोडू नोका बाप्पा" असं मीच सांगत आलेली. माझी पाळी आल्यावर मी कशी चुकवणार?

खोकला सुरू झाला २०२२ च्या भादव्यात. महालक्ष्म्यांची आंबील ढवळत होते आणि ठसका लागला तो थांबेचना. धुराचा असेल म्हणून सोडून दिलं. दिवाळीपर्यंत अंगणवाडीच्या तीन पायऱ्या चढतानाही दम लागायला लागला. आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यातलं, दारव्हा तालुक्यातलं. जवळच्या एका खासगी दवाखान्यात एक्स-रे काढला. डाव्या फुप्फुसाभोवती पाणी होतं. छातीत पाणी म्हणजे टीबी, हे आमच्या भागात सगळ्यांना पाठ आहे. थुंकी तपासली नाही, छातीतलं पाणी काढून तपासायला पाठवलं नाही, एकेटी, म्हणजे टीबीच्या गोळ्या, मात्र त्याच दिवशी सुरू झाली.

राग येतो अजून. पण त्याहून जास्त वाटतं की हे इतर कुणासोबत होऊ नये, म्हणून आधीच लिहून ठेवते. टीबी आणि फुप्फुसाचा कॅन्सर एक्स-रेत सारखे दिसू शकतात, आणि दोन्हींत खोकला येतो, वजन उतरतं, छातीत पाणी होतं. थुंकीतले टीबीचे जंतू शोधणारी सीबीनॅट तपासणी सरकारी दवाखान्यात फुकट होते. महिना-दीड महिना गोळ्या खाऊनही वजन उतरतच असेल, तर "सायेब, पुन्हा तपासा" म्हणायला लाजू नका. मी लाजले.

मला जागं केलं ते माझ्या मदतनीस बाईनं. मार्च उजाडला होता. मातांच्या वजनाच्या काट्यावर मी सहज उभी राहिले. दिवाळीआधी ५२ होते, आता ४१. ती माझ्याकडे पाहत राहिली आणि म्हणाली, "बाई, लेकरू असतं तं तुमी कवाचं वर कळवलं असतं."

खरं होतं. लेकराचं वजन दोन महिने सलग उतरलं की आम्ही थांबत नाही. घरी जातो, आईला समजावतो, आरोग्य केंद्रात पाठवतो. एकवीस वर्षं हेच केलं, आणि स्वतःचे अकरा किलो गेले तरी मी कुणाला काही बोलले नव्हते.

त्याच आठवड्यात आम्ही सेवाग्रामला गेलो. एसटीत बायकांना अर्धं तिकीट नुकतंच सुरू झालं होतं. कंडक्टरनं माझं अर्धं कापलं, ह्यांचं पूर्ण. यवतमाळ ते वर्धा मी खिडकीच्या दांडीला डोकं टेकून, बसूनच काढलं, कारण आडवं झालं की श्वास कोंडायचा. कस्तुरबा रुग्णालयात पाठीतून सुई घालून सव्वा लिटर पाणी काढलं. लालसर, कोऱ्या चहासारखं. त्या रात्री कित्येक दिवसांनी मी आडवी होऊन झोपले. तेवढ्यावरच मला वाटलं, बरी झाले.

त्या पाण्यात पेशी सापडल्या. मग सीटी स्कॅन, मग बायोप्सी. रिपोर्ट आला त्या दिवशी एक तरुण डॉक्टर ताई स्टूल ओढून माझ्या खाटेजवळ बसल्या. "काकू, घरून कोण आलंय?" ह्यांना बाहेर चहाला पाठवून मी म्हटलं, "मला सांगा. मी रजिस्टर लिहिणारी बाई आहे, आकडे मला समजतात." त्यांनी माझा हात धरला आणि सरळ सांगितलं. फुप्फुसाचा कॅन्सर, ॲडेनोकार्सिनोमा नावाचा. फुप्फुसाभोवतीच्या पाण्यात त्याच्या पेशी आहेत म्हणून स्टेज चौथी. ऑपरेशन होणार नाही. "मुळापासून जाणार नाही, काकू. पण ताब्यात ठेवता येईल का, ते पाहण्यासारखं आहे. अजून एक तपासणी बाकी आहे."

"ताब्यात" हा शब्द मी घट्ट धरला. साखर ताब्यात असते, बीपी ताब्यात असतं, तसंच काहीसं. हे चहा घेऊन आले तर माझ्या चेहऱ्यावरून सगळं ओळखलं. कप खिडकीत ठेवून बाहेर गेले आणि कडुलिंबाखाली कितीतरी वेळ उभे होते. परत आले ते बिस्किटाचा पुडा घेऊन. "खाऊन घे," एवढंच बोलले.

गावात बातमी आमच्याआधी पोचली होती. पहिला प्रश्न सगळ्यांचा एकच, "बाई, तुमी खर्रा खात होत्या काय?" आमच्याकडे तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटणाऱ्या पानटपऱ्या चौकाचौकात आहेत आणि त्यानं तोंडाचे कॅन्सर झालेले लोक आम्ही डोळ्यांनी पाहिलेत, त्यामुळे प्रश्न वाईट हेतूनं नसायचा. पण मी ना कधी तंबाखूला हात लावला ना सुपारीला. प्रत्येक वेळी "नाही हो, कधीच नाही" म्हणताना वाटायचं, मी कुणासमोर निर्दोष असल्याचं सिद्ध करतेय? आणि खाल्ला असता तर काय, मग हा आजार मला शोभला असता?

सासूबाईंनी, मी त्यांना आत्याबाई म्हणते, मात्र दुसरंच मनाला लावून घेतलं. लग्न होऊन आले तेव्हापासून पंचवीस वर्षं मी चुलीवर सैपाक केला. उन्हाळ्यात पऱ्हाट्या नि तुराट्या, पावसाळ्यात ओल्या गोवऱ्या. खोलीला खिडकी नव्हती. गॅस आला तो उज्ज्वलाच्या वेळी, आणि तोही सिलिंडर परवडेल त्या महिन्यांपुरता. एका सांजेला आत्याबाई माझ्या उशाशी येऊन बसल्या. "त्या धुरात तुले मीच बसवलं व माय. म्या काऊन नाही भिंतीले एक भोक पाडलं?" ऐंशीच्या घरातली बाई लहान पोरीसारखी रडत होती. मी डॉक्टरांना विचारलं होतं. जळणाचा धूर हे एक कारण असू शकतं, पण तुमच्या बाबतीत नेमकं कशानं झालं ते कुणीच सांगू शकत नाही, असं ते म्हणाले. मी आत्याबाईंना त्यातला दुसरा अर्धाच सांगितला. त्याही त्याच धुरात बसल्या होत्या, माझ्याहून जास्त वर्षं. दुसऱ्या दिवशी ह्यांनी सब्बल घेऊन सैपाकखोलीच्या भिंतीला हातभर झरोका पाडला. आता चूल फक्त आंघोळीच्या पाण्याला पेटते, तरी पाडला.

ती राहिलेली तपासणी म्हणजे गाठीच्या तुकड्यातल्या जीनची. त्यासाठी आणि पुढचं ठरवायला मुंबईच्या टाटा हॉस्पिटलची चिठ्ठी मिळाली. कॅन्सरच्या पेशंटला उपचाराच्या प्रवासात रेल्वेचं स्लीपरचं तिकीट पूर्ण माफ असतं आणि सोबत्याला पाऊण सवलत मिळते, हे मला सेवाग्रामच्या बाकावर शेजारी बसलेल्या एका अनोळखी माणसानं सांगितलं. दवाखान्याचा सही-शिक्क्याचा फॉर्म लागतो. असा फॉर्म असतो हे तिकिटाच्या खिडकीवर कुणी आपणहून सांगत नाही, विचारावं लागतं. धामणगावहून विदर्भ एक्सप्रेसनं गेलो. माझ्या ओळखीची रेल्वे म्हणजे दारव्ह्याची शकुंतला, अरुंद रुळांची छोटी गाडी. लहानपणी त्या धिम्या गाडीत बसून मूर्तिजापूरला गेले होते, त्यापुढे रेल्वेनं मी कधी गेलेच नव्हते. पहिला लांबचा प्रवास झाला तो हा असा.

दादरला गाडगेबाबांच्या नावाच्या धर्मशाळेत जागा मिळाली. टाटाचे पेशंट तिथं अगदी थोड्या पैशात राहतात. दारात बाबांचा फोटो पाहिला आणि मला रडू फुटलं. शेंडगावचा, आमच्या वऱ्हाडातला माणूस. त्यानं आयुष्यभर मंदिराऐवजी धर्मशाळा बांधा म्हणून सांगितलं, आणि सातशे किलोमीटरवरच्या या अनोळखी शहरात त्याच्याच नावाखाली मला अंथरूण मिळत होतं.

आत गेल्यावर कळलं की तिथं जगच वेगळं आहे. कुणाच्या नाकात नळी, कुणाच्या डोक्यावर केस नाहीत, आणि तरी पोळ्या लाटताना हसण्याचा आवाज. तिथंच बुलडाणा जिल्ह्यातल्या एक बाई भेटल्या. माझ्याच वयाच्या, माझाच आजार, दोन वर्षं झालेली. दोन वर्षं! सेवाग्रामहून निघताना मी मनात महिने मोजत होते. आणि ही बाई माझ्यासमोर बसून लसूण सोलत होती, गेल्या साली लेकीचं बाळंतपण केल्याचं सांगत होती. डॉक्टरांनी पुष्कळ धीर दिला होता, पण माझ्या पोटातला गोळा सुटला तो तिच्या लसूण सोलणाऱ्या बोटांकडे पाहून. ताई म्हणायची मी तिला. तिनं मला तीन गोष्टी सांगितल्या, त्या अजून पाळते. फाईल प्लास्टिकच्या पिशवीत ठेवायची, प्रश्न आदल्या रात्री लिहून ठेवायचे, आणि उलटी होऊ दे, पण जेवण सोडायचं नाही.

जीनचा रिपोर्ट आला. ईजीएफआर नावाच्या जीनमध्ये बदल सापडला. कधी तंबाखू न घेतलेल्या माणसांत, त्यातही बायकांत, हा बदल जास्त सापडतो आणि त्यावर रोजची गोळी चालते. जेफिटिनिब, २५० मिलिग्रॅम. गोळीसोबत केमोही द्यायची असं ठरलं. डॉक्टरांनी कारण समजावलं. टाटामध्येच ३५० पेशंटवर अभ्यास झाला होता, २०२० साली छापून आलेला. नुसत्या गोळीवर आजार ८ महिने ताब्यात राहिला, गोळी आणि केमो मिळून १६ महिने. "हा मधला आकडा आहे, बरं का," ते म्हणाले.

मी विचारलं, "मधला म्हणजे?"

ते सांगायला लागले आणि अर्ध्यातच मला उमजलं. आमच्या वाढीच्या तक्त्यावर अशीच एक रेघ असते. त्या वयाच्या सुदृढ लेकरांपैकी निम्मी त्या रेघेच्या वर, निम्मी खाली. एकवीस वर्षं मी आयांना बोट ठेवून दाखवत आले की रेघेच्या खाली आहे म्हणून घाबरू नका, हिरव्या पट्ट्यात आहे ना, मग आपण पुढच्या महिन्याचं वजन पाहू. म्हणजे १६ महिने ही काही माझी शेवटची तारीख नव्हती. ती एक रेघ होती आणि निम्मी माणसं तिच्या वर होती. मी खाली असले तरी पुढच्या महिन्याचं वजन पाहायचं होतंच. त्या खोलीतून बाहेर पडताना मला पहिल्यांदा जमिनीवर पाय टेकल्यासारखं वाटलं.

गावी येऊन एक कोरं रजिस्टर काढलं. तारीख, वजन, ताप, खोकला, जेवण, शौचाला किती वेळा, शेवटच्या रकान्यात "आज काय केलं". त्या रकान्यात रोज काहीतरी लिहायचंच, असा नेम केला. पहिल्या आठवड्यातल्या नोंदी अशा आहेत: अर्धी भाकर खाल्ली. दारापर्यंत चालले. काही नाही, मोगऱ्याला पाणी घातलं.

केमो नागपूरला घेतली, मानेवाडा रस्त्यावरच्या राष्ट्रसंत तुकडोजी कर्करोग रुग्णालयात. तुकडोजी महाराज स्वतः १९६८ साली कॅन्सरनंच गेले. आमच्या गावात त्यांच्या गुरुदेव सेवा मंडळाची सामुदायिक प्रार्थना रोज सांजेला होते. मी बिछान्यावरून तिचा आवाज ऐकायचे आणि मनात यायचं, त्यांनाही हे सगळं भोगावं लागलं होतं. का कोण जाणे, त्यानं एकटेपण कमी व्हायचं.

महात्मा फुले जनआरोग्य योजनेत केमोचा बराचसा भार गेला. पण आधी रेशनकार्डावरचं माझं नाव आणि आधारवरचं नाव जुळेना, एका अक्षरापायी. त्या दुरुस्तीला ह्यांना एका कार्यालयात पाच चकरा माराव्या लागल्या, पेरणीच्या दिवसांत. घरात कुणी आजारी नसतानाच ही दोन कागदं शेजारी ठेवून नावं ताडून घ्या, हे मी आता बचत गटाच्या प्रत्येक बैठकीत सांगते. गोळी आम्ही विकत घ्यायचो. महिन्याची गोळी साधारण अर्ध्या क्विंटल कापसाची. तेवढं आम्हाला झेपत होतं.

दर २१ दिवसांनी केमो. त्याआधी फॉलिक ॲसिडची गोळी रोज आणि बी-१२ चं इंजेक्शन ठरलेल्या दिवशी, नाहीतर औषध अंगावर येतं. केमोनंतरचे चार दिवस वाईट, तोंडाला चव नाही, पाय शिशाचे. पाचव्या दिवशी तुरीच्या वरणाचा वास बरा वाटायचा आणि मला कळायचं, वर आले. गोळीचा त्रास वेगळा. चेहऱ्यावर, छातीवर मुरमांसारखं पुरळ, दिवसातून सहा-सात वेळा जुलाब, आणि नखांच्या कडा सुजून ठणकणं. माणसं पुरळ पाहून लांब सरायची. दोन आयांनी लेकरं पाठवणं बंद केलं. मी त्यांच्या घरी गेले. म्हटलं, हे शिवल्यानं होत नाही, खोकल्यानंही पसरत नाही, हा गोळीचा परिणाम आहे, आणि पुरळ आलंय म्हणजे गोळी अंगाला लागतेय असंही डॉक्टर म्हणतात. एकीनं तिथंच लेकरू माझ्या मांडीवर दिलं. दुसरीला पंधरा दिवस लागले, पण तिनंही दिलं.

आणखी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. ही गोळी पोटातल्या आम्लात विरघळते. आमच्याकडे ॲसिडिटीची गोळी किराण्यातून आणून चणे-फुटाण्यासारखी खातात. ती सोबत घेतली तर कॅन्सरच्या गोळीचा गुण कमी होतो. मी दोन महिने घेत होते. नागपूरच्या सिस्टरनं माझी पिशवी उलटी करून एकेक पाकीट पाहिलं तेव्हा सापडलं. तेव्हापासून दवाखान्यात जाताना घरातलं प्रत्येक औषध, काढासुद्धा, पिशवीत नेते.

काढ्यावरून आठवलं. एका नातेवाइकाच्या आग्रहानं एक वैदू घरी आला होता. केमो बंद करा, चाळीस दिवसांत गाठ विरघळवतो, एकवीस हजार आगाऊ. मुलगा पैसे काढायला निघाला होता. पोरगं तेवीस वर्षांचं, आईसाठी काहीही करायला तयार. हे कधी आवाज चढवत नाहीत, त्या दिवशी चढवला. "जो माणूस कागदावर लिहून देत नाही त्याले मी सरकीचं एक बी उधार देत नाही, बायको कशी देऊ?" मी आतून ऐकत होते. तीस वर्षांच्या संसारात ह्यांच्या तोंडून माझ्याबद्दल ऐकलेलं हे सगळ्यात प्रेमाचं वाक्य.

आधार आधार म्हणतात तो मला कसा मिळाला? सांत्वनाला येणारे पुष्कळ होते. येऊन बसायचे, सुस्कारे टाकायचे, "अमक्याच्या भाच्याले असंच झालतं" म्हणून सुरू करायचे आणि शेवट सांगताना अडखळायचे. त्यांचा जीव तुटत होता, मला माहीत आहे, पण ते गेले की मी थकून जायचे. उलट जाऊबाई एकदाही आजाराबद्दल बोलल्या नाहीत. रोज सकाळी सहाला येऊन माझ्या घरचं पाणी भरून जायच्या. बचत गटाच्या बायकांनी आपसात पाळी लावली, केमोच्या आठवड्यात कोणत्या घरून कोणत्या दिवशी डबा. भाजी तिखट नको, मऊ भात, पातळ ताक, हे त्यांनी भिंतीवर लिहून ठेवलं होतं. पहिल्या साली माझा वेचा पडून राहिला, कारण नखं सुजल्यावर बोंडाची टोकं बोटांना लागली की जीव जायचा. तर गटातल्या नऊजणींनी दोन दिवसांत चारही एकर वेचून दिले. मजुरी विचारली तर एक म्हणाली, "बाई, माह्या पोराले तुमीच सावरलं होतं. त्याचं वजन किती होतं सांगा बरं?" मला आठवत होतं. पाच किलो आठशे, चौदा महिन्यांचं होतं तेव्हा. आता तो पॉलिटेक्निकला आहे.

२०२४ चा सप्टेंबर आला, १६ महिने झाले. त्या दिवशी मी रजिस्टरमध्ये लाल पेननं आडवी रेघ ओढली आणि खाली लिहिलं, वजन ४९. वरच्या निम्म्यांत आले होते.

दोनच महिन्यांनी बरगडीत दुखायला लागलं. आधी वाटलं वावरातून ओझं आणल्यानं असेल. मग रात्री कुशी बदलता येईना. स्कॅनमध्ये आजार हाडात गेलेला दिसला. आणि त्याच आठवड्यात बुलडाण्याहून फोन आला, ताई गेली. तिच्या लेकीनं केला होता. "आईनं सांगून ठेवलं होतं, तुम्हाला कळवायचं म्हणून." शेवटच्या महिन्यात ताईनं माझा फोन दोनदा उचलला नव्हता आणि मी मनात रुसले होते. त्या रात्री मी रजिस्टर उघडलं नाही. पुढचे नऊ दिवस कोरे आहेत. ते तसेच ठेवलेत.

त्या दिवसांत दुखणं इतकं होतं की दुसरा विचारच शिरत नव्हता. नागपूरच्या डॉक्टरांनी बरगडीवर एकदाच रेडिएशन दिलं आणि मॉर्फिनच्या गोळ्या लिहिल्या. मॉर्फिन म्हटल्यावर हे दचकले. "सायेब, याची सवय लागते ना? हे तं शेवटचं औषध असते म्हणतात." डॉक्टरांनी शांतपणे सांगितलं, दुखण्याच्या मापानं दिलं तर भीती नाही, दुखणं कमी झालं की कमीही करता येतं, आणि दम लागतो त्यालाही थोड्या मात्रेत आराम पडतो. फक्त शौचाला कडक होतं, म्हणून सोबत पातळ होण्याचं औषध चुकवायचं नाही. अजून एक साधी गोष्ट त्यांनी सांगितली. दम लागला की खिडकीकडे तोंड करून पुढे वाकून बसायचं आणि चेहऱ्यावर वारा घ्यायचा. आत्याबाई सुपानं वारा घालायला लागल्या. पंखा होता घरात, पण त्या ऐकायच्या नाहीत. सुपाचा वारा, त्यात तुरीच्या डाळीचा मंद वास, आणि माझा श्वास हळूहळू खाली बसायचा. तिसऱ्या रात्री मी सहा तास झोपले. आमच्या गावातले किती लोक हे दुखणं तोंड दाबून सोसत गेले असतील, त्यांना कुणी सांगितलंच नाही की दुखणं सोसणं हा आजाराचा भाग नाही.

दुखणं उतरल्यावर एका रात्री मी ह्यांच्याशी बोलले. म्हटलं, मी गेले तर रडायला वेळ लागेल तेवढा घ्या, पण पोराच्या लग्नात माझ्या मोहनमाळेचे दोन भाग करून सून आणि लेक दोघींना द्या. सातबाऱ्यावर लेकीचंही नाव लावा. मला दवाखान्याच्या खाटेवर नको, घरी, झरोक्याच्या खोलीत. हे ऐकत राहिले. मग म्हणाले, "लिहून ठेव तुह्या रजिस्टरात, माह्या ध्यानात राहत नाही." मी लिहिलं. वाटलं होतं हे बोलल्यावर घर सुन्न होईल. त्याऐवजी आम्ही दोघं गाढ झोपलो.

रक्ताच्या तपासणीत नवा बदल सापडला, टी-७९०-एम म्हणतात त्याला. पहिल्या गोळीनंतर आजार वाढलेल्यांपैकी साधारण निम्म्यांत तो सापडतो. पुन्हा निम्मे! आणि तो सापडणं चांगलं, कारण त्यावर ओसिमर्टिनिबची गोळी चालते. किंमत ऐकून मात्र आम्ही गप्प झालो. चार एकरांतला वर्षाचा कापूस विकला तरी दोन महिने निघाले नसते. जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पात कॅन्सरच्या तीन औषधांवरचा आयात कर माफ झाला, त्यातलं हे एक. ती बातमी लागली होती तेव्हा आम्ही निंदणाच्या गडबडीत होतो, लक्ष दिलं नाही, आणि सहा महिन्यांत त्याच नावाची चिठ्ठी हातात आली. कर माफ होऊनही ती आमच्या आवाक्याबाहेरच होती. हॉस्पिटलमधल्या समाजसेविका ताईंनी मग एकेक दार दाखवलं. कंपनीची पेशंटसाठीची मदत योजना, एक ट्रस्ट, खासदारांच्या पत्रासह पंतप्रधान मदत निधीचा अर्ज. सत्तावीस कागदांच्या झेरॉक्स लागल्या. त्या दीड महिन्यात रोज वाटायचं आज नकार येईल. २०२५ च्या जानेवारीत गोळी सुरू झाली. पुढच्या साली मिळेल का, मला माहीत नाही. अर्ज दरवर्षी नव्यानं करावा लागतो.

तिसऱ्या महिन्याच्या स्कॅनमध्ये पाणी नव्हतं. हाडातलं थांबलं होतं. मॉर्फिन हळूहळू कमी करत बंद झालं. मी अर्धा दिवस अंगणवाडीत जायला लागले. पायऱ्या तीनच आहेत, पण मधल्या पायरीवर थांबते. लेकरंही माझ्यासोबत थांबतात, त्यांना तो खेळ वाटतो.

गेल्या आठवड्यात वेचणी सुरू झाली. आमच्याकडे पहिल्या वेच्याआधी वावरात सीतादही करतात. कपाशीच्या झाडापाशी पूजा, दहीभाताचा नैवेद्य. हे म्हणाले, राहू दे, जाऊबाई करतील. मी म्हटलं, नाही, बंडीत बसून येते. धुऱ्यावरून झाडापर्यंत ह्यांचा खांदा धरून चालले, दोनदा थांबले. दहीभात ठेवला, हळदीकुंकू वाहिलं आणि एक पूर्ण उमललेलं बोंड स्वतःच्या हातानं वेचलं. नखं अजून दुखतात, पण तेवढं वेचता आलं. कापूस ओटीत घेतला. बाकीचा वेचा बायकांनी सुरू केला, मी बांधावर बसून ताक प्यायले.

घरी येऊन काट्यावर उभी राहिले. ५० किलो ३००. शेवटच्या रकान्यात लिहिलं: एक बोंड वेचलं. आणि त्याखाली पुढच्या तपासणीची तारीख, १८ डिसेंबर, नागपूर, सकाळी नऊ.